भाजीचं धिरडं आणि पाण्याचा हिशेब

पोहे, उपमा, शिरा, इडली, साबुदाण्याची खिचडी. आपल्या नाश्त्याला वाण कशाचीच नाही, पण भाजी त्यात नावापुरतीच असते. पोह्यांत कांदा आणि वरून कोथिंबीर, उपम्यात चार मटारदाणे, की झालं. मग भाजीची सगळी भिस्त दुपार-रात्रीच्या जेवणावर राहते आणि तिथेही बऱ्याच घरांत ताटात डावभर भाजीच पडते. मोठ्या माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या खाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यात बटाटा धरलेला नाही. दोन जेवणांत हा आकडा गाठणं सोपं नाही. पण सकाळीच शंभर ग्रॅम भाजी पोटात गेली, तर चौथा हिस्सा दिवस सुरू होतानाच पदरात पडतो.

यासाठी धिरड्याइतका सोयीचा पदार्थ नाही. पीठ आंबवायचं नाही, वाटायचं नाही, आदल्या दिवशी भिजत घालायचं नाही. उत्तरेत चीला, आंध्रात अख्ख्या मुगाचं पेसरट्टू, कोकणात तांदळाचं घावन, अशी याची भावंडं सगळीकडे आहेत. आपल्या घरांत बेसनाचं धिरडं सर्वांत जास्त होतं, म्हणून तेच धरून चालू.

अडचण एकच येते. वाटीभर बेसनात मूठभर गाजर घातलं तर धिरडं छान होतं, पण त्याला भाजीचं धिरडं म्हणणं खरं नाही. भाजी वाढवायला जावं, तर ते तव्याला चिकटतं, उलटताना मोडतं, आतून गिचगिचीत राहतं. मग पुढच्या वेळी भाजी कमी होते आणि पीठ वाढतं. दोष भाजीचा नसतो, तिच्यातल्या पाण्याचा असतो. ते पाणी कधी सुटतं आणि कुठे जातं, हे कळलं की पिठाच्या दीडपट भाजी घालूनही धिरडं अख्खं उतरतं.

प्रमाण

दोघा-तिघांसाठी १०० ग्रॅम बेसन, २५ ग्रॅम म्हणजे साधारण तीन मोठे चमचे तांदळाचं पीठ आणि साफ करून चिरलेली, किसलेली २०० ग्रॅम भाजी घ्या. भाजीत १०० ग्रॅम दुधी, ५० ग्रॅम गाजर आणि ५० ग्रॅम मेथी किंवा कांद्याची पात. इंचभर आलं किसून, दोन हिरव्या मिरच्या बारीक चिरून, अर्धा छोटा चमचा ओवा हातावर चुरडून, चमचाभर तीळ, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग. मीठ सपाट अर्धा छोटा चमचा, म्हणजे सुमारे ३ ग्रॅम. दिवसभराचं मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं, असं जागतिक आरोग्य संघटनेचंच सांगणं आहे. आलं, ओवा आणि तीळ असले की कमी मिठातही चव उणी पडत नाही. एवढ्या ऐवजात साधारण १५ सेंटिमीटर रुंदीची सहा धिरडी होतात.

१०० ग्रॅम बेसनातून सुमारे २० ग्रॅम प्रथिनं मिळतात. दोघांनी तीन-तीन धिरडी खाल्ली, तर प्रत्येकाला दहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं आणि शंभर ग्रॅम भाजी मिळते. पुढे जे काही करायचं, ते हे प्रमाण न मोडता धिरडं नीट उतरावं म्हणून.

भाजीतलं पाणी

दुधी, काकडी, कोबी यांच्या वजनात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. गाजरातही ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या पुढे जातं. भाजी अख्खी असताना हे पाणी पेशींत कोंडलेलं असतं. किसणीवर घातली की पेशी फुटतात. त्यावर मीठ पडलं की मीठ उरलेलं पाणीही बाहेर ओढून घेतं. कोशिंबिरीला मीठ लावून ठेवलं की खाली पाणी साचतं, तेच इथे होतं. हे पाणी धिरडं तव्यावर असताना सुटलं, तर घात होतो. म्हणून ते आधीच बाहेर काढायचं.

दुधी किसण्याआधी एक पातळ चकती चाखून पाहा. कडू लागली तर तो दुधी पूर्ण टाकून द्या. कडूपणा क्युकर्बिटासिन नावाच्या द्रव्यांमुळे येतो, त्याने उलट्या आणि पोटात तीव्र दुखणं होऊ शकतं, आणि शिजवल्याने ते जात नाही. दुधी गोड असेल तर साल काढून मधल्या भोकाच्या किसणीने किसा. त्याला ठरलेल्या मिठातलं अर्धं मीठ चोळा आणि दहा मिनिटं बाजूला ठेवा. मग मुठीत घेऊन पिळा. पहिल्या दाबाला पाणी धारेने पडतं, दुसऱ्या दाबाला थेंबथेंब, आणि मुठीत उरलेला कीस मोकळा, लवचीक होतो. शंभर ग्रॅम दुधीतून पाव वाटीच्या आसपास पाणी निघतं. ते फेकू नका. त्यात आपण घातलेलं मीठ आहे, भाजीतले विरघळलेले क्षार आहेत. पीठ याच पाण्याने भिजवायचं. काकडी, कोबी यांनाही हीच रीत.

पालेभाज्यांचं पाणी दोन ठिकाणी असतं, पानांच्या आत आणि पानांच्या वर. धुतलेली मेथी तशीच चिरली, तर पानांना चिकटलेलं पाणी पिठात उतरतं आणि आपण पीठ कितीही मोजून भिजवलं तरी ते पातळ होतं. म्हणून मेथी, पालक, शेपू, माठ, कांद्याची पात, शेवग्याचा कोवळा पाला, जे काही असेल ते धुऊन चाळणीत निथळू द्या, मग कोरड्या पंचावर पसरा आणि नंतरच बारीक चिरा. पाल्याला आधी मीठ लावायचं नाही. तो शेवटी, तवा तापल्यावर पिठात मिसळायचा.

गाजर, बीट, लाल भोपळा, श्रावणघेवडा, फ्लॉवर यांची गोष्ट वेगळी. यांचं पाणी लवकर सुटत नाही, पण पीठ शिजलं तरी त्या कच्च्याच राहतात. म्हणून गाजर, बीट, भोपळा बारीक किसा. घेवडा अगदी बारीक चिरा. फ्लॉवर किसणीवर किसा. मटार किंवा मक्याचे दाणे वाफवून अर्धवट चेचा. टोमॅटो घालायचाच असेल तर बिया आणि गर काढून नुसती फोड चिरा.

आकाराचा एक नियम सगळ्या भाज्यांना लागू आहे. धिरडं साधारण चार-पाच मिलिमीटर जाड असतं. भाजीचा कुठलाही तुकडा त्याहून मोठा नको. मोठा तुकडा पिठाच्या थरातून आरपार जातो, तिथे पीठ सलग राहत नाही आणि उलथणं घातलं की धिरडं नेमकं तिथेच फाटतं.

पीठ भिजवणं

गव्हाच्या कणकेला चिवटपणा ज्या ग्लुटेनमुळे येतो, ते बेसनात नाही. मग बेसनाचं धिरडं एकसंध कसं राहतं? तापल्यावर बेसनातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि घट्ट होतो, त्याच वेळी प्रथिनंही आळून बसतात. या दोघांच्या पकडीत भाजी धरली जाते. म्हणजे ही पकड तव्यावर तयार होते, पिठात नाही. त्यासाठी पिठाच्या प्रत्येक कणाला आधीच पाणी मिळालेलं हवं आणि जादा पाणीही नको.

बेसन चाळून घ्या. त्यात तांदळाचं पीठ, उरलेलं मीठ, हळद, हिंग, ओवा, तीळ घाला. आधी दुधीचं पिळून काढलेलं पाणी, मग थोडं साधं पाणी घालून घट्ट लापशीसारखं कालवा. गुठळ्या याच वेळी मोडतात. पीठ घट्ट असताना चमच्याचा दाब गुठळीवर बसतो. एकदम सगळं पाणी ओतलं तर गुठळी दाबातून निसटून नुसती तरंगत राहते. पीठ गुळगुळीत झालं की अर्धी वाटी साधं पाणी घालून सैल करा. पळीतून सोडलं तर ते पाण्यासारखं ओघळू नये, गोळ्यानेही पडू नये. रुंद, जाड धारेने पडावं आणि पडल्याची खूण क्षणभर वर दिसावी.

आता पंधरा मिनिटं झाकून ठेवा. बेसनाचे कण तेवढ्यात पाणी पितात आणि पीठ मघापेक्षा दाट होतं. हा वेळ वाचवला तर कण तव्यावर अर्धवट कोरडे राहतात आणि धिरड्याला कच्च्या बेसनाचा वास येतो. वेळ झाला की दोन मिनिटं जोरात फेटा. फेटल्याने शिरलेली हवा धिरडं हलकं करायला पुरेशी असते.

सोडा किंवा फ्रूट सॉल्ट घालायची इथे गरज नाही. धिरडं ढोकळ्यासारखं फुगवायचं नसतं. शिवाय सोड्यातून सोडियम वाढतं, त्याच्या क्षारपणाने थायमिन हे ब जीवनसत्त्व नष्ट होतं, आणि हळदीवर तो नीट मिसळला नाही तर लाल ठिपके पडतात.

तांदळाचं पीठ कडा कुरकुरीत व्हाव्यात म्हणून घालतात. नुसतं बेसन वापरलं तर धिरडं मऊ, थोडं लिबलिबीत होतं. तांदळाऐवजी तेवढाच बारीक रवाही चालतो. रवा पाणी सावकाश आणि जास्त ओढतो, म्हणून तो घातला तर पीठ आणखी पाच-दहा मिनिटं मुरू द्या आणि लागलं तर चमचाभर पाणी वाढवा.

तवा तापत ठेवल्यावर पिळलेला दुधी, किसलेलं गाजर, पाला, आलं-मिरची पिठात घालून हलक्या हाताने कालवा. भाजी जास्त आणि पीठ कमी दिसेल. तसंच दिसायला हवं. पीठ प्रत्येक तुकड्याला लागलेलं असलं म्हणजे झालं.

तव्यावर

बिडाचा किंवा लोखंडी तवा असेल तर उत्तम. जाड तवा उष्णता धरून ठेवतो, त्यामुळे गार पीठ पडलं तरी तो एकदम निवत नाही. मध्यम आचेवर तवा तापवा आणि पाण्याचे चार थेंब शिंपडा. थेंब चुर्र करून लगेच आटले, तर तवा तयार आहे. थेंब गोळ्या होऊन पळत सुटले, तर तवा फार तापला आहे. आच कमी करा. अर्धा कांदा काट्याला टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवा. तेलाचा पातळ, सारखा थर बसतो आणि तेल कमी लागतं. नॉनस्टिक तवा असेल तर तो कमी तापवा. त्याच्या गुळगुळीत, तापलेल्या पृष्ठभागावर पीठ बसायच्या आधीच पळीला गोळा होऊन येतं.

पळीभर पीठ मध्ये घाला. घावनाचं पातळ पीठ तव्याच्या कडेने ओततात, डोशाचं पळीने गोल फिरवतात. भाजीच्या दाट पिठाला यातलं काहीच नीट जमत नाही. पाण्यात बुडवलेली वाटी उलटी धरून तिच्या बुडाने पीठ हलकेच बाहेर सरकवा, किंवा बोटं गार पाण्यात बुडवून थापा. कडा मध्यापेक्षा किंचित पातळ ठेवा. कडेने अर्धा छोटा चमचा तेल सोडा, आच मध्यमहून थोडी कमी करा आणि झाकण ठेवा.

आता तव्याकडे लक्ष द्या. सुरुवातीचा मोठा आवाज म्हणजे खालच्या थरातलं पाणी वाफ होऊन निघतंय. झाकणाखाली ती वाफ वरून फिरते आणि गाजराचा कीस शिजवते. मिनिटभराने वास बदलायला लागतो. कच्च्या बेसनाचा उग्रपणा जातो आणि भाजलेल्या डाळीचा खमंगपणा येतो. दोन ते अडीच मिनिटांनी झाकण काढा. मघाशी ओली, चकचकीत दिसणारी वरची बाजू आता कोरडी, गडद पिवळी दिसते, मेथी हिरवी राहून मऊ झालेली असते आणि कडा तव्यापासून आपोआप सुटलेल्या असतात. कड सुटली नसेल तर उलथणं घालायची घाई नको. पृष्ठभागावर पाणी आहे तोवर तिथलं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फार वर जात नाही. खरपूस तपकिरी रंग साधारण १४० अंशांच्या पुढे येतो. म्हणजे पाणी गेल्याशिवाय खरपूसपणा नाही, आणि तो आल्याशिवाय धिरडं तवा सोडत नाही. भाजी पिळण्यात घालवलेल्या दहा मिनिटांचं मोल इथे कळतं.

उलथणं मध्यापर्यंत सरकवून एका दमात उलटा. दुसरी बाजू झाकण न ठेवता दीड-दोन मिनिटं भाजा. आता झाकण ठेवलं तर वाफ खालीच अडकते आणि मिळवलेला कुरकुरीतपणा जातो. तयार धिरडी ताटलीत एकावर एक रचू नका. जाळीवर किंवा टोपलीत पसरून ठेवा.

तेलात अगदीच कंजुषी करू नका. गाजर, भोपळा, पालेभाज्या यांतल्या बीटा-कॅरोटिनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवतं, आणि ते शरीरात शोषलं जायला थोडा स्निग्धांश लागतो. सहा धिरड्यांना मिळून चार छोटे चमचे तेल पुरतं.

बिघडलं तर

पहिलं धिरडं चिकटलं आणि दुसरं चांगलं आलं, तर तवा सगळीकडे सारखा तापला नव्हता. कडा भाजल्या आणि मध्य कच्चा राहिला, तर आच मोठी होती किंवा पीठ मध्ये जाड राहिलं. चौथ्या-पाचव्या धिरड्याला पीठ पातळ वाटायला लागलं, तर भाजीने पुन्हा पाणी सोडलं आहे. मीठ आपलं काम करतच राहतं. अशा वेळी चमचाभर तांदळाचं पीठ मिसळा आणि पाच मिनिटं थांबा. धिरडं कोरडं, घशात अडकणारं झालं, तर पाणी कमी पडलं. पुढच्या धिरड्याआधी पिठात दोन चमचे ताक घाला.

इतर पिठं

ज्वारी आणि नाचणीची पिठं ग्लुटेनशिवायची आहेत आणि त्यांची पकड बेसनाइतकीही नसते. म्हणून निम्मं बेसन, निम्मी ज्वारी किंवा नाचणी घ्या. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, त्यामुळे वाढत्या मुलांसाठी हे मिश्रण फार चांगलं. नाचणीबरोबर कांद्याची पात आणि गाजर, ज्वारीबरोबर मेथी आणि लसूण छान जमतात. कणीक वापरली तर फार फेटू नका, ग्लुटेन तयार होऊन धिरडं चिवट होतं.

मुगाच्या डाळीचं धिरडं पचायला हलकं. पिवळी डाळ दोन-तीन तास भिजवून, आलं-मिरची घालून कमीत कमी पाण्यात वाटा. अख्खे मूग रात्रभर भिजवावे लागतात. वाटलेल्या डाळीच्या पिठाला वेगळं मुरवायला लागत नाही, कारण डाळीने भिजतानाच पाणी प्यायलेलं असतं. भाजीचे नियम तेच.

ताटलीत सोबत काय

बेसनात आणि पालेभाज्यांत लोह आहे, पण वनस्पतींमधलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. क जीवनसत्त्व सोबत असलं तर ते जास्त शोषलं जातं. म्हणून लिंबू पिळलेली कोथिंबिरीची चटणी किंवा किसलेल्या आवळ्याचं ताजं लोणचं धिरड्याबरोबर असू द्या. चहा याच्या उलट काम करतो. त्यातली टॅनिन्स लोहाला अडवतात. आपल्याकडे नाश्ता आणि चहा एकत्रच होतो, पण ही जोडी सोडवण्यासारखी आहे. चहा आणि धिरडं यांच्यात निदान तासभराचं अंतर ठेवा. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे, अशा बायकांनी आणि मुलींनी तर नक्कीच. दही आणि जवसाची किंवा कारळ्याची चटणी असली की नाश्ता पुरा होतो. बाजारच्या टोमॅटो सॉसमध्ये साखर आणि मीठ दोन्ही असतं, त्यामुळे मुलांना त्याची सवय न लागलेली बरी.

रात्रीची तयारी

सकाळी डब्यांची गडबड असते. म्हणून पीठ आणि मसाला रात्रीच एका डब्यात कोरडे मिसळून ठेवा. पाला निवडून, धुऊन, पुसून न चिरता फ्रिजमध्ये ठेवा. गाजर किसून झाकून ठेवलं तरी चालतं. पण भाजी, मीठ आणि भिजवलेलं पीठ रात्री एकत्र करू नका. सकाळी तुम्हाला पाणी सुटलेली लापशी मिळेल आणि ती सावरायला पुन्हा पीठच वाढवावं लागेल. सकाळी उठल्यावर आधी दुधी किसून मीठ लावायचा, तेवढ्यात बाकीची कामं, मग दुधी पिळून त्याच्या पाण्यात पीठ भिजवायचं. ते मुरेपर्यंत आंघोळी उरकतात.

घरात काटा असेल तर पहिल्या एक-दोन वेळा भाजी आणि पीठ तोलून घ्या. शंभर ग्रॅम भाजी ताटात किती दिसते, याचा अंदाज आपल्याला बहुधा नसतो आणि मोजल्यावर ती वाटली होती त्यापेक्षा जास्त भरते. एकदा नजर बसली की काटा लागत नाही. मग घरात जी भाजी उरली असेल, ती पाणी सोडणारी आहे, पाल्याची आहे की घट्ट आहे, एवढंच पाहा आणि तिच्या रीतीने तिला तयार करा. पिठापेक्षा भाजी जास्त घाला, आणि तिचं पाणी तव्यावर जाण्याआधी काढून घ्या. या आठवड्यात एक सकाळ यासाठी नक्की काढा.